बिजलीच्या अंगावर पाडलेलं दार

आमच्या घरात पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायची पद्धत होती. सगळ्याच पुस्तकांना नाही हो. शाळेच्या पुस्तकांवर तर आम्ही शेंगा फोडायचो. पण पोथीला. श्रावणात दुपारची जेवणं आटोपली की आई पोथी वाचायला बसायची. एका पाटावर ती, समोरच्या पाटावर लाल फडक्यातून काढलेली पोथी आणि भिंतीला टेकून गल्लीतल्या पाचसात बाया. वाचणारी एकच. बाकीच्यांनी ऐकायचं आणि ओवी संपली की 'हूं' म्हणायचं. कुणाचं लेकरू रडलं तरी त्याला मांडीवर हलवत हलवत 'हूं' चालूच. मधेच कुणी 'असं कसं?' म्हणून विचारलं, तर आई चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "लिहिलंय तसं वाचून राहिले बाई मी." तिथं विषय संपला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते या पद्धतीच्या जोरावर केलं. दुसऱ्या घरात मला ते जमलं नसतं.

तर ती पेटी. आईचा भाऊ, आमचा वसंतमामा, शिकायला अमेरिकेत होता. तो परत आला तेव्हा नांदेडला आमच्याकडं चार दिवस राहिला आणि जाताना एक चपटी पुठ्ठ्याची पेटी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "हा एक खेळ आहे शकू. माझ्या खोलीतला पोरगा सोडून गेला. बघ काही कळतंय का." झाकणावर एक पंखवाला राक्षस आणि त्याच्यापुढं तलवार घेतलेला माणूस. आत एक पातळसं इंग्रजी पुस्तक, बारीक अक्षरांचं, रकानेच्या रकाने आकडे असलेलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. पुस्तकात चित्रविचित्र फाशांची चित्रं होती, कुणाला आठ बाजू, कुणाला वीस, पण फासे काही पेटीत नव्हते. मामाच्या त्या मित्रानं हरवले असतील.

मी नववीत जाणार होते आणि इंग्रजीत वर्गात पहिली. तेवढी घमेंड पुरेशी होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जाडजूड डिक्शनरी घेतली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पुस्तकाला बसले. निम्मं कळलं. जे कळलं ते असं: एकीनं पुस्तक धरायचं आणि गोष्ट चालवायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी शिपाई, कुणी पुजारी, कुणी मांत्रिक, कुणी चोर. पुस्तकवाली सांगणार, 'समोर अंधारी गुहा आहे, आतून वास येतोय.' मग तुम्ही तोंडानं सांगायचं, मी काय करते. जमलं की नाही ते आकडा ठरवणार. वीस आला तर सगळ्यात चांगलं, एक आला तर मेलाच. पट लागत नाही, सगळा खेळ तोंडानं. मला तर वाटलं, ही आपलीच पोथी आहे, फक्त ऐकणाऱ्या बायकांना मधे बोलायची परवानगी आहे.

फासे नव्हते त्याला उपाय माझ्या आतेबहिणीनं काढला. रुक्मी तिचं नाव. इस्लापूरच्या अलीकडं त्यांचं खेडं, घरची शेती. तिथली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून अण्णांनी तिला आमच्याकडं आणलं होतं, आठवीला माझ्याच वर्गात घातलं होतं. ते वर्ष आम्ही एका सतरंजीवर झोपलो, एका कंगव्यानं वेण्या घातल्या. ती म्हणाली, "फासे काय करायचे हायत? चिंचोके हायत की." वीस चिंचोके धुऊन घेतले. अण्णा चित्रकलेचे मास्तर, त्यांच्या पांढऱ्या रंगानं त्यावर एक ते वीस आकडे काढले आणि तांब्यात टाकले. तांब्या हलवायचा, डोळे मिटून एक उचलायचा. तो खडखडाट अजून माझ्या कानात आहे. दारात ओलं गोणपाट सोडलेलं, बाहेर ऊन नुसतं जाळून राहिलेलं, आई आतल्या खोलीत आडवी झालेली, आणि आम्ही चौघी: मी, रुक्मी, माझी धाकटी बहीण बेबी आणि शेजारची नसरीन. मधे परातीत सुशीला. म्हणजे कुणी बाई नव्हे हो, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको, पण हे पुण्याकडंही कुणी वाचेल.

मी पुस्तक पाटावर ठेवायची. हात धुऊन यायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम मी सांगायची, आणि 'पुस्तकात लिहिलंय' म्हटलं की झालं. कितीतरी मी चुकीचं सांगितलं होतं! चिलखताचंच बघा. त्या पुस्तकात चिलखत घातलेल्याचा आकडा दोन आणि उघड्या अंगाच्या माणसाचा नऊ. जेवढा आकडा कमी तेवढं मारणं अवघड, असं त्यांचं उलटं गणित होतं. मला काय माहीत? नऊ मोठे, म्हणजे नऊ चांगले, असं मी ठरवून टाकलं. नसरीन शिपाई होती, बिचारीनं पहिल्याच दिवशी चिलखत काढून फेकलं. "अगे, ये लोहा पहनके मैं कमजोर हो री, तो पहनूं कायको?" म्हणाली. तो सगळा उन्हाळा आमच्या फौजा राक्षसांपुढं उघड्या अंगानं गेल्या आणि जिंकल्या.

रुक्मी चोर झाली. चोराला भिंती चढता येतात एवढं ऐकूनच तिनं ते घेतलं. नाव ठेवलं बिजली. आणि खरं सांगते, ती बोलायला लागली की तो खेळ वेगळाच व्हायचा. मी डिक्शनरीतून काढलेलं सांगायची, 'पुढं नदी आहे.' ती विचारायची, "पानी कसं हाय? गढूळ का नितळ?" मी म्हणायची, "काय फरक पडतो?" "पडतो की. गढूळ असंल तर वर कुठं पाऊस झाला, लोंढा येनार. थांबा सगळ्या." सहस्रकुंडाचा धबधबा तिच्या पायाखालचा होता. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर त्या काळ्या खडकांत कुठं कपारी उघड्या पडतात, कुठं साप बसतो, कुठल्या दगडावर पाय निसटतो, सगळं तिला ठाऊक. माझ्या गुहेत ती हे सगळं घेऊन यायची. भिंतीला हात लावून बघते म्हणायची, वारा कुठून येतोय बघते म्हणायची. बेबी तर तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. "रुक्मीताई, आता काय करायचं?" मला नाही, तिला विचारायची. पुस्तक माझ्यापुढं आणि डोळे सगळ्यांचे तिच्याकडं.

त्यात निकाल लागला. गणितात रुक्मीला माझ्यापेक्षा जास्त. अण्णा जेवताना म्हणाले, "शकू, जरा रुक्मीकडून शीक. डोकं आहे तिला." आईनं रुक्मीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. रुक्मीनं त्यातला अर्धा बोटानं काढून माझ्या ताटात टाकला. मी तो खाल्ला नाही.  तेव्हा मला तो तोरा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसरीन हसत हसत म्हणाली, "शकू, ऐसा कर, किताब तू पकड, किस्सा रुक्मीच बोलेगी." गंमत होती. सगळ्या हसल्या, रुक्मी लाजली, मीही हसले. आणि त्याच बसल्या जागी मी ठरवलं की बिजलीला मारायचं.

त्या डावात बिजली एका लोखंडी दारापाशी पोचली होती. महिनाभर त्या दारासाठी आमचं चाललं होतं. पलीकडं राजाचा खजिना होता. रुक्मीनं तांब्या हलवला, डोळे मिटले, चिंचोका काढला. वीस. बेबीनं टाळ्या पिटल्या. नसरीन ओरडली, "खुल गया, खुल गया!" मी हात वर केला. "थांबा. पुस्तकात एक नियम आहे." पानं चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि तोंडात येईल ते इंग्रजी भरभर म्हटलं. मग मराठीत सांगितलं, "दारावर अक्षरं आहेत. चोर अडाणी असेल, अक्षरं वाचता येत नसतील, तर दार त्याच्या अंगावर पडतं. वीस आले तरी. बिजली मेली."

कुणी 'हूं' म्हटलं नाही. रुक्मी म्हणाली, "बिजली अडानी हाय, हे कुठं ठरलं?"

"खेड्यातली आहे ना? मग."

"कुठं लिवलंय? दाव की."

पद्धत मोडून मी पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं. "घे. तूच वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे." मला माहीत होतं तिचं इंग्रजी. वर्गात बाई तिला उभं करायच्या तेव्हा ती घामेघूम व्हायची. तिनं पुस्तक धरलं. ओठ हलवले. पहिलं अक्षर जुळवलं, दुसरं जुळवलं, आणि एक शब्द असा काही वाकडातिकडा बाहेर आला की बेबी खुदकन हसली. ती लहान होती, तिला काय. नसरीनही हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मांडीवर थाप मारून हसले.

रुक्मी रडली वगैरे नाही. तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, जशी आई पोथी लावायची तसं, आणि पाटावर ठेवलं. म्हणाली, "लिवलं असंल तर असंल." मग परात उचलून घासायला गेली.

चार दिवसांनी आत्या आली आणि रुक्मी उरलेल्या सुट्टीसाठी गावी गेली. आईनं तिला धपाटे बांधून दिले. शाळा उघडली, रुक्मी आली नाही. पंधरा दिवस वाट बघून अण्णा स्वतः रेल्वेनं आणायला गेले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. पायातल्या चपला न काढता उंबऱ्यावरच बसले. "म्हणते, मला शाळा न्हाई जमत मामा. एवढंच म्हणते. दुसरं बोलतच नाही." मग त्यांनी आमच्याकडं बघितलं. आईकडं, बेबीकडं, माझ्याकडं. "घरात कुणी काही बोललं का पोरीला?"

आई म्हणाली, "मी कशाला बोलू? लेकीसारखी होती." बेबीनं नाही म्हणून मान हलवली. आणि मी म्हटलं, "नाही अण्णा. कुणीच काही बोललं नाही."

दाराची गोष्ट मी कधीतरी हसण्यावारी नेली असती. पोरवय होतं, चढाओढ होती, असं म्हणून माणूस स्वतःला सोडवून घेतो. पण हे एक वाक्य काही सुटत नाही. अण्णांनी पुन्हा एकदा विचारलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. मी बोलले असते तर ते पुन्हा गाडीत बसले असते, तिला घेऊन आले असते, आणि ती माझ्यासमोर बसून जेवली असती. मला ते नको होतं. अण्णा गेले तरी ते मी त्यांना सांगितलं नाही. रुक्मीचं दोन वर्षांत लग्न झालं, उमरीला दिली. मी पुढं शिकले, लग्न होऊन लातूरला आले. लग्नाकार्यात आमच्या भेटी व्हायच्या, लुगड्यांची बोलणी व्हायची, लेकरांची व्हायची. खेळाचं नाव दोघींनीही कधी काढलं नाही.

आता ही सगळी उकराउकर माझ्या नातीमुळं झाली. मुक्ता कॉलेजात आहे. शनिवारी तिच्या मैत्रिणी जमतात, रंगीत फासे टाकतात आणि तासन्‌तास बोलत बसतात. मी चहा द्यायला गेले आणि दारातच थांबले. वीस बाजूंचा फासा! आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा बघितला, हातात घेतला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही हे चिंचोक्यांवर खेळायचो." पोरी माझ्याकडं बघतच राहिल्या. ट्रंकेतून पेटी काढून दिली तर मुक्ता ओरडलीच. "आज्जी, हे अगदी पहिल्या पहिल्या नियमांचं पुस्तक आहे! लोक शोधत फिरतात हे." मग आम्ही दोघी रोज दुपारी ते पुस्तक वाचायला लागलो. चिलखताचा घोटाळा ऐकून ती गडबडा लोळली. एका पानावर तर असं निघालं की पुस्तक धरणाऱ्यानं खेळणाऱ्यांच्या विरुद्ध खेळायचंच नसतं; तो कुणा एकाच्या बाजूचा नसतो. ते पान मी त्या वयात वाचलं होतं. पेन्सिलीनं खूणसुद्धा केलेली होती.

मी बिजलीबद्दल तिला सांगितलं. सगळं नाही, दारापुरतंच. मुक्ता म्हणाली, "असा नियमच नाहीये आज्जी. कुठल्या पानावर बोट ठेवलं होतंस?" पान मला बरोबर आठवत होतं, कारण कोपऱ्यात सुशीलेच्या तेलाचा डाग पडला होता. पण गंमत अशी की ते पान मी तेव्हाही वाचलेलं नव्हतं. मुक्तानं ते वाचून दाखवलं. ती एक यादी होती. गुहेत जायच्या आधी माणसानं बरोबर काय घ्यावं त्याची.

दुसऱ्या आठवड्यात मी उमरीला गेले. नांदेडपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. पिशवीत पेटी. रुक्मी ओसरीवर अंबाडीचा पाला खुडत बसली होती. केस सगळे पांढरे, पण बसणं तेच, पाठ ताठ. "ये शके. न कळवता आलीस, समदं बरं हाय ना?" पाणी दिलं, चहा दिला. मी पेटी काढून मधे ठेवली आणि म्हटलं, "रुक्मे, मी खोटं बोलले होते. तसा नियम यात नव्हता."

ती पाला खुडतच राहिली. "मला ठावं हाय."

"कसं?"

"दुसऱ्या दिशी तू न्हायला गेलीस, तवा म्या हात धुतले अन् ते पान गनिताच्या वहीत उतरवून घेतलं. अक्षर न् अक्षर, चित्रावानी. गावाकडं गुरुजीला दावलं. गुरुजी म्हनले, दोर, मशाली, पखाल, पोती... रुक्मिनी, तुझ्या मामानं नांदेडात किरान्याचं दुकान टाकलं का काय?" ती हसली. मला हसता आलं नाही.

"मग अण्णा आले तेव्हा बोलली का नाहीस? माझं नाव का नाही घेतलंस?"

"काय बोलू? मामाच्या घरी राहायलेली मी. मामाची भाकरी खायची अन् मामाच्याच लेकीला खोटारडी म्हनायचं? कोन म्हनंल?" तिनं देठं एका बाजूला सारली. "अन् खोट्याचं काही न्हाई शके. लेकरं खोटं बोलतात. तुम्ही समद्या हसलात ना, त्या घरात मला पुन्यांदा तोंड उघडू वाटंना झालं. तोंड न उघडता शाळा कशी शिकनार?"

"मी अण्णांनासुद्धा सांगितलं, कुणी काही बोललं नाही म्हणून."

यावर तिचा हात थांबला. हे तिला माहीत नव्हतं.  मग म्हणाली, "मामाला मरेपरेंत वाटलं असंल, पोरीला शिकायचंच नव्हतं म्हनून."

"हो. वाटलं."

"हं." एवढंच. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं. उठली, रांजणाजवळ जाऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि येताना आतून पाट घेऊन आली. पाटावर पुस्तक ठेवलं. चष्मा लावला. "लेकरायच्या पुस्तकावरून शिकले म्या. पहिलीपासून, त्यायच्या संगं. कोनतं पान?"

मी तेलाचा डाग दाखवला आणि भिंतीला टेकून बसले. तिनं एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली, सावकाश, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. "रोप. फिफ्टी फीट. दोर, पन्नास फूट." ती थांबली, माझ्याकडं बघितलं. मला कळलं ती कशासाठी थांबली. मी म्हटलं, "हूं."

"टॉर्चेस, सिक्स. मशाली, सहा."

"हूं."

"पान्याची पखाल."

"हूं."

"शिधा. आठ दिसाचा, वाटंनं खायाला."

"हूं," म्हटलं मी.

यादी संपली. तिनं पान उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "दार न्हाई बघ शके यात. कुठंच न्हाई." आणि ती चष्म्यावरून माझ्याकडं बघत थांबली, मी हूं म्हणायची वाट बघत.